चादर कोणी विणली

एकतीस वर्षं मी अमेरिकेतल्या फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहून डॉक्टरांची अक्षरं वाचली. कुत्र्याचे पाय मांजराला असली ती अक्षरं. फार्मसीत पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात: वाचता आलं नाही तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरला फोन करायचा. नोकरीत मी हा नियम एकदाही मोडला नाही. मोडला तो रिटायर झाल्यावर, आणि तोही दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी मेलेल्या एका बाईच्या पत्रापायी, जिला फोन करायची सोयच नव्हती.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. आमच्या भागात आता इतकी मराठी माणसं झाली आहेत की गणपतीत पार्किंग मिळत नाही. तिथून तासभर गाडी चालवली की शेतं लागतात, आणि त्या शेतांमध्ये एक जुनं प्लँटेशन आहे. गुलामांच्या जिवावर चालणारी शेकडो एकरांची शेती होती ती. मधोमध मालकाचा पांढरा बंगला, मागे गुलामांच्या खोपट्यांच्या खुणा. आता तिथे म्युझियम आहे. जुनी पत्रं वाचून टाइप करायला त्यांना माणसं हवी होती. मी गेले, एक पत्र त्यांच्यासमोर घडाघडा वाचून दाखवलं आणि माझी नेमणूक झाली, अर्थात बिनपगारी.

"इतकी वर्षं पगार घेऊन लोकांची अक्षरं वाचलीस, आता फुकट वाचणार?" नवरा म्हणाला. बेलव्ह्यूला असलेल्या मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, दॅट्स अ प्लँटेशन. यू नो दॅट, राइट?" मी म्हटलं, मला माहीत आहे, मी काय तिथे लग्न करायला चालले आहे का. तिच्या एका मैत्रिणीनं खरोखरच तसल्या एका बंगल्यात लग्न केलं होतं, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

माझ्या वाट्याला आला तो युद्धकाळातला गठ्ठा. उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं यादवी युद्ध, ज्यात गुलामगिरी राहणार की जाणार हे ठरलं, ते. मालक दक्षिणेच्या फौजेत गेला आणि मालकीण घरी राहिली. तिनं त्याला लिहिलेली पत्रं त्यानं जपून परत आणली होती. खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यातच ही बाई मला आवडून गेली.

सुरुवातीच्या पत्रांत तिला काहीच येत नसतं. मीठ कुठे ठेवतात ते तिला माहीत नाही. मका किती दिवस पुरेल ते माहीत नाही. डुकरं कधी कापायची, बी कधी पेरायचं, सगळं नवऱ्याला विचारते, आणि उत्तर यायला महिना लागतो. मग देखरेख करणारा मुकादमही फौजेत ओढला जातो. बंदरांची नाकेबंदी होते, बाजारात कापड मिळेनासं होतं, कॉफी मिळेनाशी होते. बाई भेंडीचं बी भाजून त्याची कॉफी करायला लागते. मीठ संपतं तेव्हा मांस खारवायच्या कोठीतली जमीन उकरून ती माती उकळायला लावते आणि त्यातून मीठ काढते. हळूहळू पत्रांतली प्रश्नचिन्हं कमी होतात. 'विचारून सांगा' जाऊन 'मी ठरवलं आहे' येतं. दुसऱ्या वर्षी तर ती सरळ लिहिते की तुम्ही कळवलंत त्याच्या उलट केलं आहे आणि पीक बरं आहे. हे वाचून मी एकटीच टाळी वाजवली होती.

मला ती आवडण्याचं आणखी एक कारण होतं. माझे वडील फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी आम्ही सोलापुरात होतो, तीन मुलं, त्यातलं एक आईच्या पोटात. वडिलांचं पत्र महिना महिना येत नसे. त्या काळात आई सायकल शिकली, बँकेत जायला शिकली, पाण्याच्या नळावर भांडायला शिकली. दर महिला दिनाला मराठी मंडळात मला बोलायला लावतात, आणि मी दर वर्षी हेच सांगते: माझ्या आईनं एकटीनं घर ओढलं. लोकांचे डोळे ओले होतात. माझेही होतात, इतकी मी त्या भाषणात मुरले आहे.

त्यामुळे म्युझियमनं मार्च महिन्यात युद्धातल्या स्त्रिया या विषयावर प्रदर्शन करायचं ठरवलं, आणि वरच्या झोपायच्या खोलीतल्या चादरीसाठी माहितीचं कार्ड लिहायला मला सांगितलं, तेव्हा मला वेळ लागला नाही. चादर देखणी होती. पांढऱ्या सुतावर निळीनं रंगवलेल्या लोकरीची नक्षी, चाकं आणि चौकटी. आपल्या सोलापुरी चादरीच्या शेजारी मानानं मांडावी अशी. दोन पट्टे विणून मधोमध शिवलेले होते, कारण घरचा माग अरुंद असायचा. पत्रात तिनं स्वच्छ लिहिलं होतं: चादर मागावर चढवली आहे, थंडीच्या आत मी ती पुरी करीन. मी कार्ड लिहिलं: 'पती रणांगणावर गेल्यावर एकट्या पडलेल्या मालकिणीनं जिद्दीनं विणकाम शिकून स्वतःच्या हातांनी विणलेली चादर.'

सोलापूरची असून मी हे लिहिलं. माग म्हणजे काय ते ऐकत मी लहानाची मोठी झाले. आमच्या मागच्या गल्लीत घराघरातून खटखट चालायची. नक्षीचं कापड विणायला माणसाचं निम्मं आयुष्य शिकण्यात जातं हे मला कळायला हवं होतं. पण कौतुक डोक्यात शिरलं की माणसाची अक्कल बाहेर जाऊन उभी राहते.

प्रदर्शन उघडलं त्या आठवड्यात एक बाई काठी टेकत जिना चढून आल्या. वय त्र्याऐंशी, कृष्णवर्णीय, कडक इस्त्रीचा झगा, डोक्यावर जांभळी टोपी. त्या प्राथमिक शाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या हे त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघताच मी ताठ उभी राहिले. मनातल्या मनात मी त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवलं. पुढे त्यांना ते सांगितलं, तर त्यांना ते आवडलंही.

त्यांचे डोळे अधू झाले होते. मधलं दिसत नसे, कडेचं दिसे. त्यांनी मला कार्ड वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, भावपूर्ण आवाजात.

"कोणी लिहिलं हे?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"हनी, ती चादर माझ्या पणजीच्या आईनं विणली आहे."

मग त्या खोलीतल्या खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांची पणजी या प्लँटेशनवर गुलाम म्हणून जन्मली होती. युद्धाच्या मधल्याच एका वर्षी, सहा वर्षांची असताना, आईचा हात धरून ती इथून चालत निघाली आणि किनाऱ्यावर जिथे उत्तरेच्या फौजेचा तळ पडला होता तिथवर पोचली. तिथे पोचलेला गुलाम मोकळा व्हायचा. ती नव्वदीपर्यंत जगली. तिच्या मांडीवर मास्तरीणबाई बसल्या होत्या. मी हिशेब केला आणि चरकले. मी ज्याला इतिहास समजत होते त्या इतिहासाच्या मांडीवर समोरची बाई बसलेली होती. पणजी सांगायची, माझी आई दिवसभर शेतात आणि दिवेलागणीनंतर मागावर असायची, तिची बोटं निळीनं निळी असायची, आणि माझा बिछाना मागाच्या खाली होता.

"तिचं नाव आम्हाला माहीत आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ते कुठल्याच कागदाला माहीत नाही. सरकारी मोजणीत गुलामांची नावं लिहीत नसत, वय लिहायचे आणि बाई की पुरुष ते लिहायचे. जुलैमध्ये आमच्या सगळ्या घराण्याचं संमेलन आहे. मला त्यांना इथे आणायचंय आणि त्या कार्डावर तिचं नाव दाखवायचंय. माझे डोळे पुरते जायच्या आत मलाही ते बघायचंय."

म्युझियमची संचालिका तिशीतली, सज्जन मुलगी. तिनं सगळं ऐकून घेतलं, तिला वाईटही वाटलं, पण कार्ड बदलायला लेखी पुरावा हवा असं समितीचं म्हणणं पडलं. कार्ड मी काय पुराव्यावर लिहिलं होतं हे कोणी विचारलं नाही. मालकिणीनं 'मी' म्हटलेलं पुरेसं होतं.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही दोघी बसायला लागलो. मी पत्रं मोठ्यानं वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. डबा मी न्यायची. भाजणीचं थालीपीठ त्यांना फार आवडलं. तळलेली भेंडी नेली तर म्हणाल्या की ही आमची भाजी, तुला कुठे मिळाली. मी म्हटलं, आमची. त्यावर आमचं अर्धा तास भांडण झालं आणि भेंडी संपली. त्या केक आणायच्या, एवढं लोणी घातलेला की त्यांच्या डॉक्टरनं बघितला असता तर हाय खाल्ली असती. मी आठवडाभर गुरुवारची वाट बघायची. या वयात नवी मैत्रीण मिळते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण पत्रांत नाव काही सापडेना. मालकीण 'माणसं' लिहायची, 'बायका' लिहायची, फार तर 'स्वयंपाकीण' लिहायची. आणि बाकी सगळीकडे 'मी'. मी बारा डुकरं कापली. मी शंभर वार कापड विणलं. मी साबण केला. एके गुरुवारी मी असंच एक पत्र वाचत होते, तर मास्तरीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "बारा डुकरं? त्या चिमुकल्या हातांनी?" मालकिणीचा फोटो खाली भिंतीवर होता, तिचे हात खरंच चिमुकले होते.

मला हसू यायला हवं होतं. पण मी चिडले. मी म्हटलं, तिनं काहीच केलं नाही असं कसं म्हणता? नवरा नाही, मुकादम नाही, बाजार नाही, आणि तिनं सगळं चालवलं.

"चालवलं," त्या म्हणाल्या. "तू मागच्या महिन्यात एक पत्र वाचताना मधल्या चार ओळी भरभर वाचल्यास. त्या परत वाच."

मला कुठल्या ओळी ते लगेच कळलं. याच बाईनं, याच शाईत लिहिलं होतं की एका बाईनं शेतावर जायला नकार दिला, तेव्हा शेजारच्या मुकादमाला बोलावून तिला फटके देववले, आणि पूर्वी असल्या गोष्टी बघवत नसत पण आता बघवतात. आणखी एका पत्रात तिनं बारा वर्षांची एक मुलगी दुसऱ्या घरी भाड्यानं दिली होती. 'मी ठरवलं आहे' मध्ये हेही होतं. मी टाळी वाजवली ती या बाईसाठी वाजवली होती. युद्धाआधी ती मालकाची बायको होती, युद्धानं तिला मालक केलं, आणि मालक जे करतो ते सगळं ती शिकली.

तरी माझा हेका सुटेना. मी माझ्या आईचं काढलं. लढाईच्या काळात माझ्या आईनंही एकटीनं घर ओढलं, म्हणून मला या बाईबद्दल वाटतं, असं म्हटलं.

"एकटीनं?" मास्तरीणबाईंनी डोळे उघडले. "भांडी कोण घासत होतं?"

"एक बाई यायची," मी म्हटलं. "पण ते वेगळं. ती पगारी होती."

"वेगळंच आहे. ती संध्याकाळी स्वतःच्या घरी जात होती, तिची मुलं तिची होती, कोणी ती विकणार नव्हतं. तिला आणि माझ्या पणजीच्या आईला एका पंक्तीत बसवायचं नाही, मी बसवू देणार नाही. मी एवढंच विचारते आहे की तू 'एकटी' का म्हणतेस."

मी डबा आवरला आणि निघाले. गाडी चालवताना मनातल्या मनात त्यांना सगळी उत्तरं दिली. आपल्याला उत्तरं सुचतात ती नेहमी अशी हायवेवर. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "मग आईंनाच विचार ना." कधी कधी हा माणूस चुकून बरोबर बोलतो.

आई अठ्ठ्याऐंशीची आहे, भावाकडे सोलापुरात असते, आणि तिच्या सकाळी तिला फोन केलेला आवडतो कारण तेव्हा तिचा चहा झालेला असतो. मी विचारलं, आई, लढाईच्या वर्षी तू सगळं एकटीनं केलंस ना गं?

"एकटीनं?" आई म्हणाली. अगदी मास्तरीणबाईंच्याच सुरात. "एकटीनं कशी करणार? मला सातवा महिना. ती नसती तर तुम्ही उपाशी मेला असतात." आणि तिनं आमच्या त्या भांडी घासणाऱ्या बाईचं नाव घेतलं, आडनावासकट. ती आपल्या लेकीला घेऊन रात्री आमच्याकडे झोपायला यायची. सायकल आईला तिनं शिकवली, मागून सीट धरून, लुगडं खोचून. नळावर भांडायचं तेही तिनंच शिकवलं. "तुझ्या भावाची नाळ तिनं कापली. दवाखान्यात जायला रिक्षा कुठे होती? तुला मी हे शंभरदा सांगितलंय. तू ऐकतेस कुठे, तुला आपलं भाषण करायचं असतं."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. आईनं कधीच श्रेय घेतलं नव्हतं. तिला एकटी मी केलं होतं. मला शूर आई हवी होती, आणि शूर बाई एकटी असली की गोष्ट बरी दिसते, म्हणून दर महिला दिनाला मी त्या दुसऱ्या बाईला गोष्टीतून उचलून बाहेर ठेवत आले होते. मालकिणीनं निदान स्वतःसाठी तसं केलं. मी तर आयत्या पिठावर दुसऱ्यांच्या नावच्या रेघोट्या ओढत बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि आईबद्दल इतकं प्रेम वाटलं की परत फोन केला. ती म्हणाली, आता काय राहिलं, माझी मालिका लागलीय.

त्या रागातून आणि लाजेतून मला नियम आठवला. वाचता आलं नाही तर अंदाज करायचा नाही.

युद्धात कागद इतका महाग झाला होता की लोक एकाच कागदावर दोनदा लिहीत. आधी नेहमीसारखं लिहायचं, मग कागद आडवा करून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचं. जाळीसारखं दिसतं ते. तसलं एक पत्र माझ्याकडे प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी आलं होतं. मी सरळ ओळी वाचल्या, त्यात हवामान आणि मुलांचा खोकला होता. आडव्या ओळींसाठी मी टाइप केलं होतं: 'अवाच्य, बहुधा घरगुती मजकूर.' बहुधा! हा शब्द मी कुणाच्या औषधाच्या बाटलीवर लिहिला असता तर माझं लायसन्स गेलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी म्युझियम उघडायच्या आधी जाऊन दारात उभी राहिले. कागद आडवा धरला, सरळ ओळींवर नजर पडू नये म्हणून रंगीत पट्टी ठेवली, आणि एकेक शब्द काढत गेले. तीन तास लागले. मग मास्तरीणबाईंना फोन केला आणि एवढंच म्हटलं, "आज गुरुवार नाही, पण या."

त्यांच्या भाच्यानं त्यांना आणून सोडलं. आदल्या दिवशीच्या भांडणाचा विषय कोणीच काढला नाही. त्या बसल्या, काठी मांडीवर आडवी घेतली, डोळे मिटले. मी वाचलं.

मालकिणीनं लिहिलं होतं: ती गेली. मंगळवारी सकाळी चूल थंड होती म्हणून मागे जाऊन बघितलं, तर ती नाही, तिची पोरगी नाही, स्वयंपाकिणीसकट आणखी पाच जण नाहीत. मला वाटलं होतं, ती तरी राहील. चादर मागावर तशीच आहे. मी आठ दिवस बसून बघितलं. तिचे पाय मागाखालच्या कोणत्या पट्टीवर कधी पडायचे ते मी इतकी वर्षं त्या खोलीत येऊन-जाऊनही बघितलेलं नाही. चार बोटं विणली, ती बघून मलाच रडू आलं. आता तशीच कापून शिवून घेते. त्या मंगळवारी मी पहिल्यांदा भाकरी केली, ती मुलांनी खाल्ली नाही.

पहिल्या वाक्यात 'ती' नव्हतं. तिथे नाव होतं. या लेखात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, मालकिणीचंही नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. पण पत्रात ते होतं, ठळक, मालकिणीच्या त्या टोकदार अक्षरात.

मास्तरीणबाईंनी डोळे उघडले आणि हात पुढे केला. मग म्हणाल्या, "दाखव." मी भिंग दिलं. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, कारण त्यांना कडेनंच दिसायचं, आणि नाकाजवळ कागद धरून त्या शोधत राहिल्या. मी त्यांचं बोट धरून, कागदाला न टेकवता, नेमक्या जागेवर नेलं. त्यांनी ते नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, पहिलीतल्या मुलांकडून वाचून घेतात तसं. आणि मग त्या रडल्या. मीही रडले. संचालिका चहा घेऊन आली, तिनं आम्हाला बघितलं आणि तीही रडायला लागली, तिला अजून काय झालंय ते माहीत नसताना.

जरा वेळानं मास्तरीणबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "भाकरी कोणीच खाल्ली नाही?" मी म्हटलं, नाही. त्या इतक्या हसल्या की टोपी पडली.

चार बोटांचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण चादरीचं पायाकडचं टोक कायम गादीखाली खोचलेलं असे. संचालिकेनं हातमोजे घातले, टोक हलकेच बाहेर काढून पसरलं. एका पट्ट्यावरची चाकं शेवटपर्यंत घोटीव होती. दुसऱ्या पट्ट्यावर ती एका जागी थांबली होती. पुढे चार बोटं निळा धागा वाट चुकल्यासारखा इकडेतिकडे भटकला होता, कुठे सैल, कुठे आवळलेला. मला खरं सांगायचं तर मालकिणीचीही दया आली. आठ दिवस मागाच्या बाकावर बसून तिनं काढलेली ती चार बोटं होती. पण दया आली म्हणून कार्डावर तिला काही द्यायचं नाही, एवढं आता मला कळत होतं.

समितीनं कार्ड बदललं. मजकूर या वेळी मी एकटीनं लिहिला नाही. मी मोठ्या अक्षरात लिहून वाचून दाखवायची आणि मास्तरीणबाई लाल पेन्सिलीनं खोडायच्या. जिद्द खोडली, रणांगण खोडलं, स्वतःच्या हातांनी खोडलं. उरलं ते नाव, आणि त्यापुढे: 'हिने विणली, गुलामीत असताना. शेवटची चार बोटं मालकिणीची.'

जुलैत संमेलनाचे लोक आले. सत्तरेक माणसं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट, पाठीवर घराण्याचं झाड छापलेलं. खोली लहान म्हणून चादर खालच्या मोठ्या दालनात लाकडी चौकटीवर पसरली होती, टोकासकट. मास्तरीणबाईंनी कार्ड वाचलं. त्यांना अक्षरं दिसत नव्हती, पाठ होतं. नाव आलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्यानं "येस मॅम" म्हटलं, मग सगळेच म्हणाले. एका बाईनं कडेवरच्या तान्ह्या मुलीला वर उचलून धरलं. मी कोपऱ्यात उभी होते. मास्तरीणबाईंनी मला पुढे ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं की हिनं पत्र वाचलं. आधी चुकीचं वाचलं होतं हेही सांगितलं. शिक्षकांना असल्या गोष्टी विसरता येत नाहीत.

त्यांची एक भाची, अटलांटात नर्स असलेली, चादरीच्या टोकाशी वाकून बघत होती. इथे नक्षी का बिघडली, असं तिनं मला विचारलं. मला बोलायला आवडतंच. मी म्हटलं, "त्या निघून गेल्या ना, म्हणून चादर इथे अर्धवट राहिली."

"अर्धवट?" मास्तरीणबाईंचा आवाज सगळ्या दालनात ऐकू गेला. "कोणाच्या दृष्टीनं, हनी?" त्या काठी टेकत आल्या आणि चाकं थांबतात नेमक्या त्या ओळीवर, कापडाला हात न लावता, बोट आणलं. त्यांना ती ओळ दिसत नव्हती, पण त्या महिन्यात त्यांनी ती जागा मला इतक्यांदा विचारून घेतली होती की बोट चुकलं नाही. "तिचं काम इथे संपलं. मंगळवारी."

मग भाची पुढे झाली, मग बाकीचे, आणि एकेक जण वाकून त्या ओळीकडे बघायला लागला, जिच्यापुढे तिनं त्या घरासाठी एक धागाही विणला नाही.